सेवाषट्क आणि एक घमेले

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी मौनी. हे व्रत मी स्वेच्छेने स्वीकारलेले नसून घशाच्या डॉक्टर रुपालीबाईंनी ते माझ्यावर लादले आहे. बावीस वर्षे टेनिस शिकवताना जो कंठशोष केला, त्याचे फळ म्हणून स्वरतंतूंवर दोन गाठी धरल्या होत्या. त्या आज सकाळी काढल्या. निरुपद्रवी होत्या, हे प्रथमच नोंदवून ठेवतो, कारण आमच्या नातेवाइकांत शोकसभा फार तातडीने भरतात. मात्र एकवीस दिवस तोंडातून अक्षर काढायचे नाही. "कुजबुजसुद्धा नको सर," डॉक्टर म्हणाल्या, "त्यानं उलट जास्त ताण येतो."

धर्मपत्नी यशोधरा हिने मला दगडी पाटी आणि पेन्सिल आणून दिली. देताना तिच्या मुद्रेवर जे विलसत होते त्यास मी करुणा म्हणेन. करुणेत इतके दात दिसतात हे ठाऊक नव्हते. पाटीवर चार शब्द मावतात. माझे चार शब्दांत काहीच भागत नाही, म्हणून ही वही.

चिंता केवळ घशाची असती तर रात्री झोप लागली असती. चिंता समीक्षाची आहे. वय सोळा, राहणार पवनानगर, माझ्या हातून घडलेली सर्वोत्तम खेळाडू. 'घडलेली' हा शब्द सध्या जपून वापरतो. वडील धोंडिबा वडापची, म्हणजे माणसे भरली की निघणारी, जीप चालवतात आणि पहिल्या फेरीआधी दुधिवरे खिंडीतून तिला लोणावळ्यात आमच्या क्लबवर आणून सोडतात. ऑक्टोबरमधील स्पर्धेत या मुलीने एकोणीस डबल फॉल्ट केले, म्हणजे एकोणीस वेळा दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण घालवला; यास मी शास्त्रशुद्ध भाषेत द्विदोष म्हणतो. तिसऱ्या सेटमध्ये तर तिने चेंडू उडवला, हात वर गेला, चेंडू खाली आला आणि हात तसाच वर राहिला, ध्वजस्तंभासारखा.

जीपमध्ये चढताना ती म्हणाली, "सर, एकोणतीस नोव्हेंबरची तळेगावची स्पर्धा खेळते. तिथं पण असंच झालं तर रॅकेट ठेवून देणार. मला हात वर न्यायचीच भीती वाटते."

मी तेव्हा बोलू शकत होतो. पाऊण तास बोललो.

५ नोव्हेंबर, बुधवार

क्लबचे एकमेव कोर्ट आज खऱ्या अर्थाने उघडले. लोणावळ्यात चार महिने कोर्ट नसते, शेवाळ असते. पाऊस सरला की लाल माती पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून ते पुन्हा जन्माला घालावे लागते. पूर्वी हे काम माझे वडील करीत. आता भामाबाई करतात, आणि करताना माझ्याहून अधिक बोलतात.

कोर्टामागील भिंतीवर माझे 'सेवाषट्क' विराजमान आहे. टेनिसची सर्व्हिस सहा अनुष्टुभ् श्लोकांत बांधणारा मी या भूतलावरील बहुधा एकमेव इसम असून, प्रतिस्पर्धी नसल्याने अजिंक्यही आहे. 'पादौ स्थिरौ कटिर्वक्रा स्कन्धः शिथिल एव च', म्हणजे पाय स्थिर, कंबर वळलेली, खांदा सैल, येथून आरंभ होतो. सहाव्या श्लोकात रॅकेट डाव्या मांडीपाशी विसावते. सरावाआधी सारे विद्यार्थी ते पाढ्यांसारखे एका सुरात म्हणतात. दर पावसाळ्यात अक्षरे धुपतात आणि दर नोव्हेंबरात मी ती ऑइलपेंटने स्वहस्ते रंगवतो.

आज समीक्षाने पंचेचाळीस सर्व्हिस मारल्या, बारा आत पडल्या. पाटीवर 'कोपर वर' लिहून दाखवले. तिने ते वाचेपर्यंत चेंडू घरंगळून कुंपणाला लागला होता. मग 'गुडघा' लिहायचा, तर पाटी पुसायला फडके हवे, फडके शोधायला भामाबाई हव्या. एरवी एका सर्व्हिसमागे मी चार सूचना देतो. म्हणजे आजच्या पंचेचाळीस सर्व्हिसमागे एकशेऐंशी सूचना व्हायला हव्या होत्या. दोनच झाल्या. इतकी उपासमार सहन करून ती पोर कशी सुधारणार?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुखाला काम नसल्याने डोळ्यांना मिळाले. आज प्रथमच मी समीक्षाकडे अखंड तासभर नुसते पाहिले.

तिचे ओठ हलतात! रेषेवर उभी राहून चेंडूचे टप्पे पाडताना ती पुटपुटते. पाटीवर लिहिले, 'ओठ?'

"श्लोक म्हणते सर," ती म्हणाली. "म्हटल्याशिवाय हात उचलतच नाही. आणि म्हणायला लागलं की कुठल्या ओळीला मारायचं तेच कळत नाही."

मला गहिवरून आले. ही निष्ठा! मग घड्याळ लावून पाहिले. एक श्लोक घाईने म्हटला तरी सहा सेकंद लागतात, सहांना छत्तीस. तिच्या हातून सुटलेला चेंडू वर जाऊन रॅकेटच्या उंचीला येतो तो सव्वा सेकंदात. अर्थात 'कटिर्वक्रा' म्हणेपर्यंत चेंडूचे कार्य आटोपलेले असते आणि हात पुढल्या श्लोकांची वाट पाहत वर तिष्ठतो.

निदान झाले की उपचार सोपा. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'अधिक वेगाने म्हण.'

१० नोव्हेंबर, सोमवार

उपचार लागू पडलेला दिसत नाही. चाळीसपैकी तीन. उरलेल्यांतली एक शेजारच्या बंगल्यात.

धोंडिबा जीपमधून उतरून माझ्यापाशी आले. हा गृहस्थ वायफळ कधीच बोलत नाही, म्हणून त्याच्या बोलण्याची मला भीती वाटते.

"सर, पोरगी जेवत न्हाई नीट. जीपमधी बी सारखी पुटपुटतीया. काल एक म्हातारी म्हनली, धोंडिबा, पोरीला बाहेरचं काय झालंय का, बघ एकदा कुटं दाखवून." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तिला खेळायचंच नसंल तर तसं सांगा. आमी काय म्हननार न्हाई. पर ही अशी रोज भेत भेत येती, ते आमाला बगवत न्हाई."

मी पाटी उचलली. पेन्सिल टेकवली. शब्दांनी मला सोडून जाण्याचा हा आयुष्यातील पहिला प्रसंग. शेवटी 'बघतो' असे लिहिले. त्यांना वाचता यावे म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिले, तर ते म्हणाले, "सातवी पास हाय मी, सर."

एकोणीस दिवस उरले. घास उतरत नाही. शस्त्रक्रियेमुळे असावे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज एक विचित्र घटना घडली. भामाबाई मातीचे घमेले सर्व्हिसच्या चौकटीतच विसरून फाटकावर गप्पा मारायला गेल्या. ते उचला असे ओरडणे मला शक्य नव्हते. मी हातवारे केले. विद्यार्थ्यांना वाटले, घमेल्याकडे बोट दाखवून सर काही शिकवत आहेत. समीक्षाने रॅकेट फिरवले, चेंडू सुटला आणि घमेल्यावर 'ठण्ण' असा नाद झाला की टायगर पॉईंटवरच्या पर्यटकांनीही वळून पाहिले असेल.

सगळे खिदळले. तीही खिदळली, ऑक्टोबरनंतर प्रथमच. "सर, परत मारू?"

मी मान डोलावली. दुसरे करण्याजोगे काही उरले नव्हते.

वीस सर्व्हिस. अकरा आत. त्यांपैकी चार घमेल्यावर. ओठ मिटलेले आणि जीभ गालात. परंतु पद्धत! पुढचा पाय सरकतो, कोपर खाली लोंबते, मान कोंबडीसारखी तिरपी होते. सेवाषट्काच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या श्लोकांचा सर्वांसमक्ष वध.

भामाबाई परत आल्या. "सर, माजं घमेलं चेपलं की वो." मग समीक्षाकडे बघून, "पर तुमी गप झाल्यापासनं पोरगी लय नेम धरतीया."

सुधारणेची कारणे नोंदवून ठेवतो: (एक) गेल्या आठवड्यात रॅकेटला नवी तार लावली. (दोन) हवेत गारवा आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घमेले आता रोज ठेवले जाते. मीच ठेवतो. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी जाळीजवळ. बोलता येत नसल्याने एवढेच साध्य आहे. आज पन्नासपैकी एकोणतीस.

ते कोपर मात्र मला पाहवेना. हळूच पाटीवर 'कोपर' एवढेच लिहिले. दाखवलेही नव्हते, तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले असावे. पुढच्या तीन सर्व्हिस ओळीने जाळीत. मी पाटी पुसली. चौथी आत गेली. योगायोग असेल. तीन उदाहरणांवरून सिद्धांत काढणे अशास्त्रीय ठरेल.

शुद्ध तंत्राची किंमत मला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी मी जिल्ह्यात चौथा होतो. माझी सर्व्हिस वडिलांच्या कोर्टावर आपोआप उगवलेली, रानटी होती. पुण्यातील एका नामवंत प्रशिक्षकांनी ती सहा महिने खपून अशी निर्दोष केली, की इतर प्रशिक्षक ती पाहायला येत. त्यानंतर मी एखादा सामना जिंकल्याचे स्मरत नाही. पण पाहायला येत, हे खरे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मौन संसर्गजन्य आहे. यशोधरा सकाळी शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी मला उठवत नाही; माझ्याच पाटीवर आज्ञा लिहून ठेवते. आज विद्यार्थ्यांनी पाटीवर 'अंडी सहा, साबण' असा उपदेश वाचला. सार्थक नावाच्या एका वात्रटाने तो वहीत उतरवून घेतला.

भिंत रंगवायला घेतली आणि ठेवून दिली. ब्रश कडक झाला होता; घरी पाटीवर तसे लिहिले.

सायंकाळी यशोधरा म्हणाली, "अहो, ब्रश मी कालच रॉकेलमध्ये भिजवून ठेवला होता."

मी पाटी पुसली.

"ते श्लोक पुसायचेत का तुम्हाला?"

आता मात्र लिहिले: 'मुळीच नाही!'

तिला कसे सांगणार? आणि पाटीवर कसे मावणार? माझ्या आजोबांना संस्कृत कानावर पडू देत नसत. वडील रोलर ओढत आणि मला मागून चालत 'देवः देवौ देवाः' म्हणायला लावत. दहावीला संस्कृतात सत्त्याण्णव मिळाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले, आणि उरलेले तीन कुठे गेले असे विचारले. त्या भिंतीवर मी नुसते टेनिस लिहिलेले नाही. आणि त्याच भिंतीसमोर एक मुलगी हात वर करायला भिते. ही दोन वाक्ये मला एकाच वहीत ठेवता येतात, एकाच डोक्यात ठेवता येत नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी घशात आरसा घातला आणि म्हणाल्या, "छान भरलंय. बोला आता. हळू आणि थोडं."

मी मान डोलावली, नमस्कार केला, बाहेर आलो आणि कोणालाही काही सांगितले नाही. यशोधरेने विचारले तेव्हा पाटीवर लिहिले: 'अजून आठवडा.' हे असत्य आहे. लग्नानंतरचे तिसरे. (पहिली दोन पदार्थांच्या चवीविषयी होती.)

कारण लिहून टाकतो. ही वही कोणी वाचत नाही. तळेगावला पाच दिवस आहेत. काल तिच्या पन्नासपैकी चौतीस आत पडल्या. मी तोंड उघडले आणि तिचा हात पुन्हा वर अडकला तर? हे भय तर आहेच. पण त्याच्या तळाशी दुसरे आहे. हात खरोखर अडकला, तर बावीस वर्षांत किती हात अडकले त्याची यादी मला करावी लागेल. मधल्या काळात खेळ सोडून गेलेली मुले मी 'अभ्यासामुळे' या सदरात टाकली आहेत. सदर बरेच मोठे आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

प्रातःकाळी कोर्टावर एक कुत्रे ताज्या मातीत लोळत होते. मी एकटाच होतो. मुखातून निघून गेले, "हाड!"

तेवीस दिवसांच्या तपश्चर्येनंतरचा प्रथमोद्गार. मी मनात 'भो विद्यार्थिनः' असा काही योजिला होता. आवाज मात्र स्वच्छ होता, कुत्र्यालाही पटला. भामाबाई पंपाच्या खोलीमागे होत्या, पण त्यांनी मान वर केली नाही, त्यामुळे ऐकले नसावे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या. तळेगाव. रंगाचा डबा उघडून पहिल्या श्लोकाची पहिली ओळ रंगवली. पुढे हात चालेना. वडिलांना सर्व्हिस शिकवता येत नव्हती. मी खेळत असताना ते रोलरला टेकून एवढेच म्हणत, "आत टाक, बाळा."

भामाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "सर, त्यो पिवळा रंग उरला तर मला द्या. घमेल्याला लावते. लांबनं दिसंल पोरीला."

डबा दिला.

समीक्षाने आज मोजून दहाच मारल्या. जाताना म्हणाली, "सर, उद्या तुम्ही जिथं बसाल तिथून हलू नका हं." मी पाटीवर लिहिले: 'हलणार नाही.'

२९ नोव्हेंबर, शनिवार

जसे घडले तसे लिहितो. विशेषणे नंतर घालीन.

प्रतिस्पर्धी पुण्याची, उंच, आणि तिची सर्व्हिस म्हणजे सेवाषट्काचे मूर्तिमंत भाष्य. मी अभावितपणे मान डोलावू लागलो, तेव्हा धोंडिबांनी मला कोपर मारले. "सर, आपली पोरगी त्या अंगाला हाय."

पहिला सेट गेला. दुसरा आला. तिसरा सहा-सहा. टायब्रेकमध्ये समीक्षा पाच-सहा मागे, सर्व्हिस तिची. म्हणजे हा गुण गेला की सामना गेला. पहिली सर्व्हिस जाळीत.

ती दुसऱ्या चेंडूसाठी रेषेवर आली आणि थांबली. चेंडू एकदा आपटला, दोनदा, पाच वेळा. ओठ हलू लागले. मला इतक्या दुरून ऐकू येणे शक्य नव्हते. तरी ऐकू आले. पादौ स्थिरौ. मग तिने माझ्याकडे पाहिले.

माझ्या दुरुस्त घशात सहाही श्लोक दाटले होते. सामना चालू असता बाहेरून शिकवण्यास तेथे मनाई होती आणि पंच माझ्याचकडे पाहत होते. पण मला पंचांचे भय नव्हते. मला फक्त तिला दाखवायचे होते की मजजवळ सांगण्यासारखे काही नाही, पाटी कोरी आहे. मी ती दोन्ही हातांनी उंच धरली.

पाटी कोरी नव्हती. वर यशोधरेचे वळणदार अक्षर होते: 'येताना कोथिंबीर. एक जुडी.'

समीक्षाने वाचले. तिचे खांदे हलू लागले. ऑक्टोबरात रडताना असेच हलले होते, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कळले, पोरगी हसते आहे. पंचांनी माझ्या दिशेने एक पाऊल टाकले, पाटी वाचली आणि मागे घेतले. कोथिंबिरीविषयी नियमपुस्तक मूक आहे.

तिने चेंडू उडवला. पाय सरकला, कोपर लोंबले, मान कोंबडीसारखी झाली. चेंडू चौकटीच्या त्या कोपऱ्यात पडला जिथे आमच्याकडे घमेले असते. समोरचीला रॅकेट लावता आले नाही. सहा-सहा.

पुढचे दोन गुण तिने गमावले. ती हरली. एकूण द्विदोष पाच, पाचही सपाटून मारलेले. हात एकदाही वर थांबला नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिले.

परतीची जीप निघाली. समीक्षा खिडकीबाहेर पाहत होती. रॅकेट पिशवीत, पिशवी पायाशी. ठेवून देणार म्हणाली होती, ते ठेवणे हेच की काय? वडगाव मागे पडले. धोंडिबांनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"सर, लिवा की कायतरी. हारली, पर लय झुंजली पोरगी."

तीन आठवडे मी या क्षणासाठी भाषण रचले होते. त्यात पराजयाची मीमांसा होती आणि शेवटी एक सुभाषित. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "कोथिंबीर राहिली."

धोंडिबांनी करकचून ब्रेक मारला. "आयला! सर बोललं!"

समीक्षाने मानही वळवली नाही. "ते बुधवारपासून बोलतायत, बाबा. कुत्र्यावर ओरडले. भामामावशींनी सगळ्यांना सांगितलं."

"मग तुम्ही कोणी मला..." मी म्हणालो.

"आम्ही म्हटलं, सरांना नसेल बोलायचं तर राहू दे की."

कामशेतच्या बाजारात जीप थांबली. समीक्षाच उतरली, दोन जुड्या परत केल्या, तिसरी हुंगून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग पिशवीतून रॅकेट काढून ती नव्या तारेवर नखाने टिचक्या मारू लागली.

"सर, सोमवारी घमेली दोन ठेवा. एक पार कडेला." तिने आणखी एक टिचकी मारली. "आणि सर, माझं कोपर खाली जातं का? कडेला मारताना इथं अडकल्यासारखं होतं."

तिने खांद्याखाली बोट ठेवले. या प्रश्नाचे उत्तर मजजवळ छंदोबद्ध तयार होते. बावीस वर्षांत हे कोणी मला विचारलेच नव्हते. मी आधीच सांगून टाकीत असे.

"जातं," मी म्हणालो.

ती वाट पाहू लागली. मग आपणच हात वर नेला, जीपच्या टपाला लागेतो, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कोपर किंचित उचलून पाहिले. "असं?"

"तुला कसं वाटतं?"

"बरं वाटतंय." तिने पुन्हा हात वर नेला. "सोमवारी मारून बघते."

धोंडिबांनी वाट वाकडी करून मला लोणावळ्यापर्यंत सोडले. सबंध वाटेत ती हात वर नेत होती, खाली आणत होती आणि टपावर बोटे आपटत होती. मी कोथिंबीर सांभाळत बसलो.